सुगंधाबाईंचा उजवा पाय

सुगंधाबाई जन्मल्या त्या पायाकडून. आधी दोन पाय जगात आले, मग उरलेल्या सुगंधाबाई. असं माणूस पायाळू. पायाळू माणसाचा पाय लागला की पाठीत, कमरेत, मानेत भरलेली उसण उतरते, हे यावलहून सातपुड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्यांच्या गावात कोणाला सांगावं लागत नाही.

सकाळी अंगण झाडून होत नाही तोच कोणीतरी ओट्याशी उभं असतं. केळीचा घड उचलताना कंबर धरलेला मजूर, एसटीच्या खिडकीशी मान वाकडी करून झोपलेला मास्तर, नातवाला रात्रभर खांद्यावर घेऊन फिरलेली आजी. पाठ असेल तर उंबऱ्यावर पालथं पडायचं. मान असेल तर पायरीवर पाठमोरं बसायचं. सुगंधाबाई एका हाताने चौकट धरतात, उजवा पाय उचलतात, टाच मानेच्या मुळाशी टेकवतात आणि एक झटका देतात. असं तीनदा. यायचं ते रिकाम्या पोटी, आणि जाताना मागे वळून पाहायचं नाही. पण मान खरंच मोकळी झाली का हे बघायला माणूस हटकून मागे वळतो, आणि सुगंधाबाई ओरडतात, "पुढं पाहाय, पुढं!"

या पायासाठी त्या कोणाकडून काही घेत नाहीत. रोज संध्याकाळी न्हाणीत बसून मात्र तो वजरीने घासतात. डावा पाय राहिला तर राहतो, उजवा कधी राहत नाही. त्यांची सून मोहिनी हसते, "आई, देवाची भांडी तरी इतकी घासता का?" त्या म्हणतात, "लोकाच्या मानेले लागते माय. चिखलाचा कसा लावू?"

पायाळू असण्याला दुसरीही बाजू होती. पायाळूवर वीज पडते, अशी समजूत. लग्न होऊन आल्यावर त्या केळीच्या बागांमध्ये मजुरीला जाऊ लागल्या. वैशाखात दुपार कलली की सातपुड्यावर आभाळ काळवंडायचं, केळीची पानं फडफडायला लागायची, आणि काम करणाऱ्या बाया एकमेकींकडे बघायच्या. मग एखादी अगदी मायेने म्हणायची, "सुगंधे, तू जरा बांधाकडं होतं का?" कोणी हाकलत नव्हतं, कोणी वाईट बोलत नव्हतं. त्या उठायच्या, बांधावर जाऊन एकट्या उभ्या राहायच्या, आणि तिकडे बाकीच्या दाटीवाटीने पत्र्याखाली. वीज कधी पडली नाही. पण दर वर्षी बांध मात्र त्यांचाच.

अशा एका दुपारी घड कापणाऱ्या टोळीतला तोताराम डोक्यावर केळीचं पान धरून चालत बांधावर आला आणि त्यांच्या शेजारी उभा राहिला. तो त्यांच्या नवऱ्याचा मित्र. पानाचं अर्धं टोक त्यांच्या डोक्यावर धरत म्हणाला, "वैनी, पडली त दोघांवर अर्धी अर्धी पडीन. अर्ध्या विजेनं माणूस मरत नाही. नुसते केस कुरळे व्हतात."

सुगंधाबाई पदर तोंडात कोंबून हसल्या होत्या. त्यानंतर आभाळ आलं की तोताराम बांधावर असायचाच. पुढे त्याचं लग्न झालं, भडगावची लताबाई घरात आली, तिने हा प्रकार पाहिला आणि नवरा वेडाच आहे असं आपल्या अहिराणीत जाहीर केलं, "ह्या येडा शेतस, अक्का. तुम्ही मनवर लेऊ नका." आणि पुढच्या वादळात तीही भाकरीचं फडकं डोक्यावर घेऊन बांधावर आली.

तोताराम गमत्या माणूस. गावात लग्न असो की मयत, चार माणसं त्याच्याभोवती असायची. त्याची एक टेक होती. एकदा केलेली गंमत तो पुन्हा करत नसे. लोक गळ घालायचे, "तोताराम भाऊ, ते म्हशीचं सांगा ना." तो हात झटकायचा. "ते गेलं. म्हैस बी गेली." आता तो म्हातारा झाला, सुगंधाबाईंचे यजमान वारले, केळी वाहायला ट्रॅक्टर बागेत शिरू लागले. पण ही टेक तशीच राहिली.

तोतारामचा मुलगा योगराज जळगावला पाईपच्या कारखान्यात आहे. त्याने यंदा पांढरी मोटार घेतली. आधी पद्मालयाच्या गणपतीला नेऊ आणि मग गावात आणू, असं ठरलं. आई पुढे बसली, पट्टा लावून. तोताराम मागच्या सीटवर मधोमध, मांडीवर नारळ आणि पेढ्यांचा पुडा. पट्टा त्याने लावला नाही. "मी काय बैल हाये दावणीचा?"

परतताना एरंडोलजवळ ट्रॅक्टरची ट्रॉली एकदम आडवी आली. योगराजने चाक वळवलं, मोटार रस्ता सोडून उतरली आणि चारीतल्या बाभळीच्या बुंध्यावर थडकली. पुढच्या दोघांसमोर हवेच्या पिशव्या फुगल्या. मागे तोताराम उसळला, डोकं छताला आपटलं, आणि खाली येताना पुढच्या सीटवर. क्षणभर तो कुठे आहे हे त्याला कळेना. मग त्याने नारळ शोधला. नारळ शाबूत होता, तोही शाबूत होता. टोपी काढून पाहिलं तर खोक नाही, टेंगूळ नाही, रक्ताचा थेंब नाही.

"आबा, दवाखान्यात दाखवून घेऊ," योगराज म्हणाला.

"मले काय झालं? गाडीले दाखव."

मोटार एरंडोलच्या गॅरेजला सोडून तिघे भाड्याच्या जीपने गावात आले. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर गर्दी जमली. लताबाईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पेढे वाटले. योगराजच्या मोबाईलवरचा फोटो हातोहात फिरत होता. जो तो फोटो बोटांनी मोठा करून बघत होता. बोनेट केवढं दबलं, दिवा कसा फुटला, काच कशी कोळ्याच्या जाळ्यासारखी झाली. ज्याचं डोकं त्या छतावर आपटलं होतं तो माणूस तिथेच खांबाला टेकून बसला होता.

"काय झालं म्हणता?" तोताराम पेढा पुढे करत म्हणाला. "गाडी देवाले दाखवाले नेली. देवानं परीक्षा घेतली. पयल्याच पेपरात नापास."

सगळे हसले. सुगंधाबाईही हसल्या. पेढा पदराला बांधून घरी गेल्या.

सकाळी त्या अंगणात सडा टाकत होत्या तेव्हा तोताराम आणि लताबाई येताना दिसले. तो सावकाश चालत होता, डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखा. डाव्या पायात चप्पल होती, उजव्यात नव्हती. ती मागे रस्त्यात पडली होती.

"भाऊ, चप्पल पडली तुमची."

त्याने मान खाली केली नाही. आधी डोळे खाली गेले, मग सगळं अंग थोडं वाकलं. "पडली का? कव्हा?"

लताबाई म्हणाली, "अक्का, यास्नी मान धराई गयी. रातभर झोप नही. एकदाव ओकारी बी व्हयनी. पेढा नडना व्हई." पेढे बाधले असतील, असं म्हणून तिने तो विषय संपवला. "तुम्हना पाय लावा म्हणजे व्हयनं."

"उसण हाये, वैनी," तोताराम म्हणाला. "शेकलं, गोळी घेतली. तुह्या पायाबिगर उतरत नाही ती."

तो पायरीवर पाठमोरा बसला. सुगंधाबाईंनी हात-पाय धुतले, पदर खोचला, चौकट धरली. तोताराम म्हणाला, "काल गाडी देवाले दाखवाले नेली व्हती. देवानं परीक्षा घेतली. पयल्याच पेपरात नापास."

त्या सवयीने हसल्या. लताबाई हसली नाही. तिला ते काल संध्याकाळपासून किती वेळा ऐकू आलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर होतं, पण त्यात काही वावगं आहे हे तिच्या लक्षात आलेलं नव्हतं. नवऱ्याची बडबड कोणती बायको मोजते?

सुगंधाबाईंनी पाय उचलला.

"योगराज कुठी गेला व?" तोतारामने मधेच विचारलं.

"एरंडोलले, गाडी पाहाले," लताबाई म्हणाली.

"हां." तो म्हणाला. "वैनी, एक गंमत सांगू? काल गाडी देवाले दाखवाले नेली..."

टाच त्याच्या मानेपासून चार बोटांवर होती. तिथेच ती थांबली.

सुगंधाबाईंना काय वाटलं ते त्यांना नंतरही नीट सांगता आलं नाही. भीती वाटली, इतकंच. या माणसाच्या तोंडून शिळी गोष्ट त्यांनी उभ्या जन्मात ऐकली नव्हती. पाय हळूच खाली घेऊन त्या समोर गेल्या आणि पायरीखाली उकिडव्या बसून त्याच्याकडे पाहू लागल्या. काल कोणीच पाहिलं नव्हतं तसं. उन्हाची तिरीप ओट्यावर आली होती आणि तो डोळे मिटून घेत होता. हाताची बोटं एकमेकांवर चोळत होता.

"बोटाले काय झालं, भाऊ?"

"मुंग्या आल्या. रातीपासून हायेत."

"उठून दाखवा बरं जरा."

तो उठू लागला. उठण्याआधी त्याने दोन्ही हातांनी आपलं डोकं धरलं, कानांच्या वर, आणि डोकं सांभाळत कसाबसा अर्धा उठला. एवढ्या वर्षांत त्यांच्या पायरीवर उसण भरलेली किती माणसं बसून गेली. ती वाकडी बसतात, कण्हतात, हात लावला की शिव्या देतात. आपलं डोकं पडून जाईल अशा भीतीने ते धरून कोणी उठत नाही.

"बसा. हलू नका. बिलकुल हलू नका." त्या म्हणाल्या. "मी पाय लावत नाही."

लताबाईला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय म्हन्या?"

"हे उसणीचं नाही, लता. हे गाडीचं हाये. दवाखान्यात न्या."

"दवाखाना?" लताबाईचा आवाज चढला. "एक मान धरायनी, तर दवाखाना? साऱ्या गावले पाय लावतस, अन आम्हलेच नही?" मग तिच्या तोंडून ते निघालं. "आम्ही गाडी लिधी, तेच तुम्हना पोटमा दुखी राह्यनं का?"

मोहिनी दारात येऊन उभी राहिली होती. शेजारच्या भिंतीवरून दोन डोकी वर आली होती. आपला पाय कामाचा नाही असं आपणच सांगायचं, तेही सकाळच्या प्रहरी, सगळ्यांसमोर. आणि समजा दवाखान्यातून तो हसत परत आला, नुसती उसणच होती म्हणून? मग उद्यापासून या पायरीवर कोण बसेल? एवढं सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं.

तोताराम दुखावलेल्या मुलासारखा बोलला, "वैनी, विजेत उभा राह्यलो तुह्याजोडे."

"म्हणूनच नाही लावत," सुगंधाबाई म्हणाल्या. "मोहिनी, फोन लाव. ती गाडी बोलाव, एकशे आठची."

मोहिनीने फोन लावून आवाज मोठा केला. पलीकडची बाई शांतपणे विचारत होती. कधी आपटले? उलटी झाली का? तेच तेच बोलतात का? हातापायाला मुंग्या? मग म्हणाली, "त्यांना चालवू नका. मान वळवू नका. दोघीतिघींनी मिळून डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून सपाट झोपवा. उशी नको. चहा-पाणी काही देऊ नका. गाडी येईपर्यंत डोकं दोन्ही बाजूंनी स्थिर धरा आणि बोलत ठेवा. झोप यायला लागली, बोलणं अडखळलं, तर लगेच परत फोन करा."

उलटी, तेच तेच बोलणं, मुंग्या, हे ऐकताना लताबाईचा चेहरा बदलत गेला. तिने नवऱ्याचे खांदे धरले. तिघींनी मिळून, एखादं कच्चं मडकं उतरवावं तसं, त्याला ओट्यावर आडवं केलं. सुगंधाबाई त्याच्या डोक्यामागे बसल्या आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

यावलहून गाडी यायला वेळ होता. रस्ता केळीच्या ट्रकांनी भरलेला. थोड्या वेळाने त्यांचे हात थरथरू लागले. त्या हातांनी आयुष्यभर घड वाहिले होते, आता त्यात तेवढा जोर नव्हता. मोहिनीने दोन गोधड्यांच्या वळकट्या करून डोक्याच्या दोन्ही बाजूंना लावल्या, पण त्या सरकत होत्या. मोहिनी धरायला वाकली, तर ओट्याचा खांब आड येत होता. लताबाईने खांदे सोडले की तोताराम उठू पाहत होता.

सुगंधाबाईंनी लताबाईकडे पाहिलं. मानेला टाच लावणं वेगळं. माणसाच्या डोक्याशी पाय नेणं वेगळं.

लताबाईला समजलं. ती डोळे पुसत म्हणाली, "लावा, अक्का. तुम्हना पाय लावा."

त्या मागे सरकल्या, भिंतीला पाठ टेकली, दोन्ही पाय लांब केले आणि दोन्ही वळकट्या तळव्यांनी दाबून धरल्या. गोधड्यांच्या मधे तोतारामचं डोकं स्थिर झालं. झटका द्यायची सवय असलेला उजवा पाय त्यांनी सगळी ताकद लावून स्तब्ध ठेवला. पोटरीत गोळा आला तरी हलवला नाही.

"भाऊ, झोपू नका. अर्ध्या विजेनं काय व्हतं सांगा."

"अं?"

"अर्ध्या विजेनं."

"केस..." त्याची जीभ जड होती. मोहिनीने परत एकशे आठला फोन लावला. "केस कुरळे."

"अन् पुऱ्या विजेनं?"

त्याचे डोळे मिटू लागले. लताबाईने त्याचा हात घट्ट धरला. "पुऱ्या विजेनं न्हावी लागत नाही," तो म्हणाला, आणि हे मात्र त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. सुगंधाबाई हसायला गेल्या आणि रडल्या.

गाडी आली. दोन तरुण उतरले. त्यांनी तोतारामच्या मानेला कडक पट्टा बसवला, खाली फळी सरकवली आणि म्हणाले, "आजी, आता सोडा." पाय सोडायचे म्हणजे काय करायचं, हेच सुगंधाबाईंना क्षणभर आठवेना. मोहिनीने दोन्ही हातांनी त्यांचे पाय मागे ओढले.

तो दिवस त्यांनी ओट्यावर काढला. भिंतीवरची डोकी खाली उतरून गावभर गेली होती. "सुगंधाबाईनं तोतारामले पाय लावला नाही," एवढंच पुढे सरकत होतं, आणि प्रत्येक घरात त्याला वेगळं शेपूट लागत होतं. दुपारी जेवायला त्या उठल्या नाहीत. उसणच निघू दे, असंही एकदा त्यांच्या मनात आलं. लोक हसले तर हसू देत. मग तोताराम तरी हसेल.

उन्हं उतरताना योगराजचा फोन आला. जळगावच्या दवाखान्यात मशीनमध्ये घालून पाहिलं होतं. मानेचं एक हाड तडकलं होतं, आणि कवटीच्या आत, मेंदूवर, थोडं थोडं रक्त साचत होतं. बाहेरून काही दिसत नाही, रात्रीतून हळूहळू वाढतं, डॉक्टर म्हणाले. डोक्याचं ऑपरेशन लगेच करायला घेतलं होतं. "काकू," योगराज म्हणाला आणि थांबला. "डॉक्टर विचारत होते, मान कोणी चोळली, मोडली का. आई म्हणाली, एक पाय लागणार होता, लागला नाही. त्यांना काही कळलंच नाही."

आठवडाभराने मोहिनी त्यांना जळगावला घेऊन गेली. तोतारामच्या डोक्याचे केस काढले होते, कानामागे पट्टी होती, मानेभोवती हनुवटीपर्यंत पांढरा पट्टा. तो सरळ छताकडे बघत होता. सुगंधाबाई पायथ्याशी थांबल्या. त्याला दिसावं म्हणून लताबाईने त्यांना हाताला धरून वाकायला लावलं.

"वैनी." त्याचा आवाज बारीक झाला होता. "बस. तुले एक गंमत सांगतो. नवी गाडी देवाले दाखवाले नेली..."

लताबाईने तोंडाला पदर लावला. सुगंधाबाईंनी पलंगाची कड धरली. आठवडाभर त्या देवाकडे जे मागत होत्या, ते मिळालं नाही, असं त्यांना वाटलं. माणूस परत आला, पण तोताराम आला नाही.

तो थांबला. डोळे त्यांच्याकडे वळले, मग बायकोकडे.

"हे सांगितलं व्हतं ना मी?"

"सांगितलं व्हतं, भाऊ." सुगंधाबाईंना हसू फुटलं.

"मंग अशी हसतं काहून?" तो चिडून म्हणाला. "गेलं ते. दुसरं सांगतो. पण उद्या. आज डोकं रिकामं केलं हाये डॉक्टरनं."

आता तो घरी आहे. पट्टा अजून काही महिने राहील. उजव्या हाताची दोन बोटं अजून झोपलेली आहेत, तो त्यांना "आळशी पाहुणे" म्हणतो. मोटार दुरुस्त होऊन गावात आली. मागच्या सीटवर बसणाऱ्याला लताबाई स्वतः पट्टा लावते, कोणी कुरकुरलं तर आईबापासकट उद्धार करते.

सुगंधाबाईंच्या पायरीवर माणसं अजून येतात, पण कमी. कमरेला, पाठीला त्या पाय लावतात. मान म्हटलं की आधी समोर येऊन बसतात आणि तोंडाकडे पाहतात. "कुठी पडला व्हता का? गाडीवरून? डोकं आपटलं व्हतं?" हो म्हटलं की पाय लावत नाहीत, यावलचा रस्ता दाखवतात. काही जण तणतणत जातात. सुगंधाबाईंच्या पायातलं गेलं आता, असं पारावर बोललं जातं. ते त्यांच्यापर्यंत येतं. संध्याकाळी न्हाणीत त्या वजरी घेऊन बसतात, पूर्वीसारख्याच, आणि हल्ली डावा पायही घासतात.

परवा दुपारी सातपुड्यावर आभाळ आलं. तोताराम त्यांच्या ओट्यावर खुर्चीत बसला होता. पट्ट्यामुळे त्याला वर बघता येत नव्हतं. केळीची पानं फडफडू लागली तशी मोहिनी वाळवण उचलायला धावली.

"वैनी, वर ढग हायेत का व?"

सुगंधाबाईंनी पाहिलं. पार काळं झालं होतं. "हायेत. तुम्ही घरात जा, भाऊ."

"उठाले वेळ लागतो मले," तो म्हणाला, आणि त्यांच्या शेजारी खुर्चीत तसाच बसून राहिला.